माळ्याला लावलेलं कुलूप

गल्लीत तिला सगळे सावलीबाई म्हणत. खरं नाव विचारलं, तर तिच्या नवऱ्यालाही क्षणभर आठवावं लागे. हे नाव पडलं ते कामावरून. घराच्या माळ्यावर ती औषधी पाला वाळवून द्यायची. पुदिना सगळ्यात जास्त, मग गवती चहा, कधीमधी निलगिरी. आणि वाळवायची ते फक्त सावलीत. इतर बायका दारुड्या जावयाविषयी ज्या सुरात बोलतात, त्या सुरात ती उन्हात पाला पसरणाऱ्यांविषयी बोलायची.

"ऊन पाला वाळवतं खरं," ती म्हणायची, "पण जाताना तेलही घेऊन जातं."

यात खोटं काही नव्हतं. पुदिन्याचं तेल पानाच्या पाठीवर, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक पुटकुळ्यांत असतं. फाजील ऊब लागली की पाण्याबरोबर तेही उडतं. पान वाळून खडखडीत होतं, पण चुरगळून नाकाशी नेलं तर नुसतं गवत. रस्त्याच्या टोकाला भट्टी होती. तिथे हा वाळलेला पाला मोठ्या टाकीत दाबून भरत, खालून वाफ सोडत, आणि ती वाफ थंड नळीतून खाली आली की पाण्यावर पिवळसर तेल तरंगायचं. पाला कुणी कसा वाळवला याचा निकाल तिथे काचेच्या नळकांड्यात सगळ्यांसमोर लागायचा. सावलीबाईच्या पाल्याचा निकाल वर्षानुवर्षं चांगला लागत आला होता.

तिची दुसरी ख्याती होती संशयाची. दूधवाल्यानं हसून चौकशी केली, तर त्या दिवशी ती दूध बोटावर घेऊन बघायची. शेजारणीनं साडीचं कौतुक केलं, तर साडी कुठे फाटलीय का ते आरशासमोर मागून पुढून तपासायची. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. आता हात कापतात म्हणून खालच्या खोलीत बसून दुसऱ्यांनी दुरुस्त केलेल्या घड्याळांना नावं ठेवायचा. तो म्हणायचा, "आमचं लग्न ठरलं तेव्हा हिनं माझं वय माझ्या आईला, मामाला आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याला विचारून घेतलं होतं. न्हाव्याचं खरं मानलं."

"तुमच्या मामांना सांगताना आकडे जुळवावे लागत होते," ती म्हणायची. "मी बघितलं ना त्यांच्या चेहऱ्याकडे."

हे काम तिला सासूनं शिकवलं. सासू कमी बोलायची. माळ्यावर लाकडी चौकटींना जाळी ताणून एकावर एक मांडण्या केलेल्या होत्या. एका बाजूला जिन्याच्या तोंडाशी दार, समोरच्या भिंतीत वर अरुंद झरोके. झरोक्यापाशी खिळ्याला सासूनं पांढरा दोरा लोंबता बांधला होता. "पाल्याकडे नंतर बघ," ती सांगायची, "आधी दोऱ्याकडे बघ. दोरा डुलतोय म्हणजे पाला बरा आहे." दाराला कडी होती, पण ती कधी लावली जात नसे. दार एका दगडानं भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. सासू गेली, दोरा दोन-तीनदा बदलला, दगड मात्र तोच राहिला.

या घरात भानगड सुरू झाली ती लेकीच्या कपाटापासून.

लेकीला घरात ठमी म्हणत. लहानपणी कुठेही बसवली तरी तासन्‌तास हलायची नाही म्हणून. ठमी शिकली, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली, आणि एका तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. तिनं आपल्या पगारातून मागच्या खोलीत एक पत्र्याचं कपाट आणून उभं केलं. आत जाळीचे कप्पे, खाली गरम हवेचा पंखा, बाहेर गरमी कमीजास्त करायची खुंटी. त्यात पाला वाळतो म्हणे.

"भाजतो म्हण," सावलीबाई म्हणाली.

"चाळीस अंशांच्या वर नेत नाही मी, आई. चाळीसला तेल फारसं उडत नाही. साठला नेलं तर उडतं. मी दोन्ही करून बघितलंय."

"आणि माझा माळा? तोही करून बघितलास का?"

"तुझ्या माळ्याशी कुठे स्पर्धा आहे माझी? पावसाळी हवेत तुझा पाला अडतो, तेव्हा उपयोगी पडेल म्हणून आणलंय."

सावलीबाईला हे उत्तर फार गुळगुळीत वाटलं. मुलगी एवढं सरळ बोलतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिनं त्याच क्षणी मनाशी नोंदवून ठेवलं.

त्यानंतरच्याच खेपेला भट्टीवाला पोती उतरवून घेताना घाईघाईत म्हणाला, "बाई, मागच्या पाल्यानं जरा हात आखडता घेतला हो. तेल कमी आलं." एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. सावलीबाई मात्र रिकामी पोती खांद्यावर टाकून घरी आली तेव्हा तिच्या डोक्यात हिशेब मांडून झाला होता. इतकी वर्षं तेल कमी आलं नाही. कपाट आलं आणि तेल कमी आलं.

म्हणजे कुणीतरी आपल्या माळ्यावर जातंय. आपला पाला थोडा थोडा उचलून कपाटात टाकतंय, आणि भाजून तेल गेलेला पाला परत आपल्या चौकटीत मिसळतंय. का? तर माळा वाईट ठरावा म्हणून. कपाट चांगलं ठरावं म्हणून.

पोटच्या मुलीबद्दल असं मनात आणताना तिला लाज वाटली नाही असं नाही. पण संशयाचा किडा एकदा वळवळायला लागला की लाजेला कुठे जुमानतो?

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून कुलूप घेऊन आली. मोठं, पितळी, हातात जड लागणारं. माळ्याच्या दाराचा दगड तिनं पायानं बाजूला सारला, दार ओढून घेतलं आणि कुलूप घातलं. किल्ली कमरेला.

ठमीनं संध्याकाळी ते बघितलं. जिन्यात उभी राहून ती कुलपाकडे बघत राहिली. मग खाली येऊन म्हणाली, "आई, दार उघडं ठेव ना."

"का?"

"वाळायला बरं पडतं."

"तुला आत काय काम आहे?"

"मला काही काम नाही. दार उघडं ठेव एवढंच म्हणतेय."

सावलीबाई स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरत बसली आणि प्रत्येक कापाबरोबर तिची खात्री पक्की होत गेली. चोराला दार उघडंच हवं असणार.

पुढची खेप वाळायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. सावलीबाई सकाळी कुलूप काढून आत जायची, तर पाला हाताला मऊ लागायचा. दमट. पानांच्या कडा काळपट पडत चाललेल्या. वासही कसातरी, भिजलेल्या फडक्यासारखा. ती मूठ मूठ पाला उचलून नाकाशी नेत राहिली, आणि एकदम तिच्या मनात लख्ख उजेड पडला. पाणी शिंपडतायत. कुणीतरी दुसरी किल्ली करून घेतलीय आणि माझ्या पाल्यावर पाणी शिंपडतंय.

मग तिनं आणखी एक कुलूप आणलं. दाराखालची फट जुन्या गोणपाटानं बंद केली. झरोक्यांतून कुणी नळी घालेल म्हणून तिथेही आतून फडकी खोचली. जाताना चौकटींवर पुदिन्याच्या काड्या विशिष्ट तऱ्हेनं आडव्या ठेवायची, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल. दोऱ्याकडे बघायचं मात्र ती केव्हाच विसरली होती. तिची नजर सारखी खाली असायची, फरशीवर, पावलांच्या खुणांवर.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ठमीच्या ओढणीला पुदिन्याचा वास येतो."

"या घरात मांजरालाही पुदिन्याचा वास येतो," तो भिंगावरून मान वर न करता म्हणाला. "त्यालाही धर."

"चेष्टा करू नका. मी आत गेले की ती फोन बंद करते."

"तू आत गेलीस की मीही रेडिओ बंद करतो. माझ्यावरही नजर ठेव."

"काल तिनं माझ्या पोत्यातून मूठभर पाला काढला. मी जिन्यातून बघितलं. कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये घातला."

आता मात्र नवऱ्यानं भिंग खाली ठेवलं. "विचार ना मग तिला."

"विचारल्यावर चोर खरं सांगतो का?"

"चोर नाही ती. लेक आहे तुझी."

सावलीबाईला खरं तर वेगळीच भीती होती. लेक चोर असण्याची नव्हती ती. माळ्याची गरज संपली तर या घरात आपली तरी काय गरज, ही होती. ठमीला स्वतःची नोकरी होती, स्वतःचं कपाट होतं, आणि आईकडे फक्त सावली होती. पण हे तिनं स्वतःशीही एवढ्या सरळ शब्दांत कधी म्हटलं नाही. चोर शोधणं त्या मानानं सोपं होतं.

ती काळपट खेप भट्टीवर गेली. या वेळी भट्टीवाला तिला नळकांड्यापाशी घेऊन गेला. पाण्यावर तेलाचा थर होता, पण नखाएवढा.

"बाई, तुमच्यावर माझा भरवसा आहे म्हणून आजवर पोतं उघडूनही बघितलं नाही," तो म्हणाला. "पण असं चालणार नाही. पुढची खेप अशीच आली, तर यापुढे मी तुमच्या मुलीच्या कपाटातलाच पाला घेईन. माळ्यावर तुम्ही धान्य ठेवा."

"माझ्या मुलीच्या कपाटाबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच. आली होती परवा."

सावलीबाई घरी कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. ठमी भट्टीपर्यंत पोचली. माझ्या पाठीमागे भट्टीपर्यंत पोचली.

नवी खेप माळ्यावर पसरली होती. तिनं ठरवलं, आता रंगेहाथ पकडायचं. दुपारी ठमी प्रयोगशाळेतून लवकर यायची त्या दिवशी, जेवण झाल्यावर, ती नवऱ्याला घेऊन जिना चढली.

"मी आत बसते. तुम्ही बाहेरून दोन्ही कुलपं लावा. तिला वाटेल मी बाहेर गेलेय. तिच्याकडे किल्ली असेल, तर ती उघडेल. मग बघतेच."

"आणि तिच्याकडे किल्ली नसेल तर?"

"तर तासाभरानं तुम्ही उघडा."

"मला जेवण झाल्यावर झोप येते, हे तुला माहीत आहे ना?"

"एक दिवस जागे राहा."

कुलपं लागली. जिन्यावरून उतरणारी त्याची पावलं ऐकू आली, मग काहीच नाही. सावलीबाई दाराच्या बाजूला उलट्या टोपलीवर बसली. अंधूक होतं. चौकटींवर पुदिना पसरला होता, दमट, जड. ती कान देऊन बसली.

थोड्या वेळानं तिच्या चष्म्यावर धुकं जमलं. तिनं पदरानं पुसलं. परत जमलं. पाठीवरून घामाचा ओघळ उतरला. कपाळ, मान, मनगटं, सगळं चिकट. जोरात श्वास घेतला तरी पुरेसा वाटेना. इतकी वर्षं या माळ्यावर काम करताना तिला कधी असा घाम आला नव्हता. उन्हाळ्यातसुद्धा इथे खालच्या खोलीपेक्षा बरं वाटायचं. तिनं भिंतीला हात लावला. भिंत ओली होती. चौकटीच्या लाकडालाही पाण्याचा पातळ थर. तिनं बोट फिरवलं आणि त्या ओल्या बोटाकडे बघत राहिली. सकाळी आडव्या ठेवलेल्या काड्या तर जागच्या हललेल्या नव्हत्या. मग पाणी कुणी शिंपडलं?

तेवढ्यात जिना वाजला. ठमीची पावलं. सावलीबाईनं श्वास रोखला.

पावलं दारापाशी थांबली. कुलपांना हात लागला नाही. किल्लीचा आवाज आला नाही. खालून गोणपाट हळूच ओढल्याचा आवाज आला, आणि दाराच्या फटीतून चार बोटं आत आली. चिमटीत कागदाची पातळ पट्टी. पट्टी फरशीपासून जराशी वर धरून ठेवलेली, स्थिर. ती हलत नव्हती. बोटं थोडी डावीकडे सरकली, मग उजवीकडे. पट्टी तशीच, दगडात कोरल्यासारखी.

सावलीबाईनं त्या पट्टीकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी तिची मान वर गेली. खोचलेल्या फडक्यांच्या शेजारी सासूचा दोरा लोंबत होता. सरळ. मेल्यासारखा.

पाल्यातून निघालेलं पाणी बाहेर जायला वाट नव्हती. आत कोंडलेला पाला ना वाळत होता, ना जिवंत राहत होता. घुसमटत, आतल्या आत गरम होत, तो आपलं तेल गमावत होता. जितकी ती राखण करत गेली, तितका तो नासत गेला. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा चष्मा सांगत होता.

बोटं मागे गेली. पावलं वळायच्या बेतात होती.

"ठमे," ती म्हणाली.

बाहेरची पावलं थबकली.

"आई? तू आत आहेस?"

"आत आहे."

"पण बाहेरून कुलूप आहे. दोन आहेत."

"तुझ्या बाबांनी लावलीत. किल्ल्या त्यांच्याकडे आहेत."

"बाबा झोपलेत. घोरतायत."

"माहीत होतं मला," सावलीबाई म्हणाली. पण ती उठली नाही. दार मध्ये आहे तोवर विचारून घ्यावं असं तिला वाटलं. समोरासमोर तिला जमलं नसतं. "पोत्यातून पाला कशाला काढलास?"

"प्रयोगशाळेत छोटी भट्टी आहे, काचेची. तेल किती निघतं ते बघायला."

"किती निघालं?"

"कमी. पाल्यात पाणी राहिलंय आणि तो आतून काळा पडलाय. फार सावकाश वाळतोय."

"फोन कुणाला करायचीस?"

"प्रयोगशाळेतल्या आमच्या बाईंना. असा पाला वाचवता येईल का विचारत होते."

"आणि भट्टीवाल्याकडे का गेलीस?"

ठमी जिन्यावर बसल्याचा आवाज आला. "दोन खेपा थांबा म्हणायला. माळ्याचं काही बिघडलेलं नाही, ते दुरुस्त होईल म्हटलं. त्यांनी कपाटाचं विचारलं, मी आहे म्हणाले. खोटं का बोलू?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई. दार उघडं ठेव म्हटलं होतं. तू दुसरं कुलूप आणलंस."

सावलीबाईनं चष्मा काढला आणि तो पुसत बसली. पुसून होऊनही पुसत राहिली.

"कारण सांगायचंस ना मग," ती शेवटी म्हणाली.

"कारण सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, ही माझा माळा नासवायला बसलीय."

"म्हणाले असते," सावलीबाई म्हणाली. खोटं तिलाही का बोलायचं? "आता किल्ल्या आण. बाबांच्या उशीखाली बघ, कमरेला बघ. गुदमरत चाललेय मी इथे."

दार उघडलं आणि खालची हवा जिन्यातून वर आली. सावलीबाई दारात उभी राहिली. आधी लेकीकडे बघितलं नाही, झरोक्याकडे बघितलं. फडकी उपसून काढली. थोड्या वेळानं दोरा हलला. आधी जरासा, शंका घेतल्यासारखा, मग नीट डुलू लागला.

पाल्याची वेळ मात्र टळत आली होती. खालच्या चौकटींमधला पाला अजून हिरवा होता, तो त्यांनी विरळ पसरला. वरच्या चौकटींतला जास्त दमट होता. माळ्याच्या भरवशावर ठेवला असता तर काळा पडला असता. सावलीबाई तो हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली.

"तुझं कपाट मोकळं आहे का?" तिनं विचारलं.

"आहे."

"चाळीसच ठेवशील ना?"

"चाळीसच."

"मी बसणार आहे समोर. खुंटीकडे बघत."

"बस की. खुर्ची आणून ठेवते."

ती खरंच बसली. पंख्याची घरघर ऐकत, खुंटीवरची नजर न हलवता. मध्ये एकदा ठमी चहा घेऊन आली, तेव्हा सावलीबाईनं तिच्या ओढणीचा वास घेतला. पुदिना. मग नजर परत खुंटीवर.

भट्टीवर तिनं दोन्ही पोती वेगवेगळी नेली आणि वेगवेगळीच उकळायला लावली. भट्टीवाला कुरकुरला, त्याला दोनदा टाकी भरावी लागत होती. तिनं ऐकलं नाही. दोन नळकांडी शेजारी शेजारी उभी राहिली. माळ्याच्या तेलाचा थर थोडा वर होता. थोडाच. बोटानं दाखवावा इतकाही नाही, पण डोळ्यांना कळण्याइतका.

"दोन्ही चालतील," भट्टीवाला म्हणाला. "माळा राहू द्या तुमचा. आणि ती पहिली खेप कमी आली म्हणून एवढं मनाला लावून घेतलंत होय? ती तर सगळ्यांचीच कमी होती. फुलोरा ओसरल्यावर कापलेला पाला होता तो, त्यात तेल कमीच असतं."

सावलीबाई त्याच्याकडे बघत राहिली. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाही."

घरी येताना तिला वाटलं, हा माणूस जरा जास्तच सहज बोलतो. पुढच्या खेपेपासून याच्या नळकांड्याकडेही लक्ष ठेवायला हवं.

माळ्याचं दार वाऱ्यानं सारखं आपटत होतं. तो जुना दगड कुठे गेला ते सापडेना. तिनंच रागारागात कुठेतरी ढकलला होता. मग तिनं ते मोठं पितळी कुलूप उचललं आणि दाराच्या तळाशी लावलं. दार भिंतीला टेकून उघडं राहिलं.

खालून नवऱ्यानं विचारलं, "आता कुलूप कुठे लावलंस?"

"दारालाच," ती म्हणाली, आणि वर दोऱ्याकडे बघितलं.